पावसाआधीचे चार आठवडे : छोट्या तुकड्यावर घर चालवायचं तर

पाऊस तोंडावर आला की लहान जमीन असलेल्याचा हात पहिल्यांदा बियाण्याच्या पाकिटाकडे जातो. यंदा तो जरा आवरा. दहा गुंठ्यांत, म्हणजे साधारण १,००० चौरस मीटरमध्ये, घराला लागेल ते पिकवायचं मनात असेल तर पाऊस पडण्याआधीचे हे तीन-चार आठवडे पाणी, माती आणि हिशेब यांच्यासाठी ठेवा. वाफसा आल्यावर, म्हणजे माती पेरणीजोगी ओली झाल्यावर, बी पेरून व्हायला अर्धा दिवस पुरतो.

हिशेब आधी. मोठ्या माणसाला दिवसाला २,२०० किलोकॅलरी लागतात असं धरलं तर वर्षाच्या होतात आठ लाख. एक किलो धान्यात सुमारे ३,५०० किलोकॅलरी असतात, म्हणजे नुसत्या धान्यावर भागवायचं तर माणशी वर्षाला २३० किलो हवं. हेक्टरी दोन टन उतारा धरा. चौरस मीटरला २०० ग्रॅम पडले. एका माणसाच्या धान्यालाच साडेअकरा गुंठे लागले की! चार माणसांचं घर दहा गुंठ्यांत धान्यासकट भागत नाही, कितीही राबलं तरी. हे सुरुवातीलाच मान्य केलं नाही तर दुसऱ्या वर्षी माणूस खचतो आणि तुकडा पडीक पडतो.

तेव्हा धान्य खुशाल विकत घ्या. तुकड्यावर घ्यायचं ते रोज लागणारं, ताजं लागणारं आणि कमी जागेत भरपूर येणारं: भाजीपाला, कंद, शेंगा, पुढे अंडी आणि थोडी फळं. कंदांना कमी लेखू नका. बटाट्याच्या किलोत ७७० च्या आसपासच किलोकॅलरी असल्या तरी चौरस मीटरला दोन किलो निघाले की १,५०० होतात, वरच्या धान्याच्या दुप्पट. जिथे बटाट्याला हवा मानवत नाही तिथे रताळी हेच काम करतात आणि पावसात तण दाबून टाकतात.

तुकडा स्वावलंबी होतोय की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ओळखतो. बियाण्याची, खताची, खाद्याची अशी जी पोती-पाकिटं बाहेरून आत येतात ती दरवर्षी कमी होतायत का? ती तेवढीच राहिली तर टोपली भरलेली दिसते, पण घर बाजारालाच बांधलेलं असतं. पुढचं सगळं याच एका कसोटीवर तपासून बघा. आणि आजपासून महिनाभर स्वयंपाकघरात येणारी प्रत्येक भाजी वहीत किलोने लिहा. कोणता वाफा किती मोठा हवा ते ही वही सांगेल.

पाणी

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. घराचं छप्पर ५० चौरस मीटरचं असेल आणि हंगामात ६०० मिलिमीटर पडत असेल तर ३०,००० लिटर. सांडलवंड म्हणून पाचवा हिस्सा सोडला तरी २४,००० लिटर उरतात. ऐकायला मोठं वाटतं. पण कोरड्या उबदार दिवसांत भाजीपाला रोज ४ ते ५ मिलिमीटर पाणी पितो, म्हणजे एका गुंठ्याला रोज ४०० ते ५०० लिटर. छपराचं सगळं पाणी साठवलं तरी ते एका गुंठ्याला पन्नासेक दिवस पुरेल, आणि एवढी टाकी फार थोड्यांकडे असते. उरलेलं पाणी ठेवायला एकच जागा आहे, ती म्हणजे माती.

छपराची पन्हळ आत्ताच साफ करा, पहिल्या पावसाचं घाणेरडं पाणी बाहेर सोडायची सोय करा, पिंपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा म्हणजे डास होणार नाहीत. एवढं एका सकाळचं काम. खरे दिवस द्यायचे ते उताराला.

पहिल्या वर्षी मी वाफे उताराच्या दिशेनेच आखले होते. दोरी लावली, ओळी सरळ आल्या, बघायला छान दिसत होतं. जेमतेम तासभराचा एक जोराचा पाऊस आला आणि चार महिने कुजवलेलं खत वरच्या मातीसकट खालच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. दोन दिवस घमेल्याने ते परत वर वाहिलं. जे पाण्याबरोबर कुंपणाबाहेर गेलं ते गेलंच. तेव्हापासून समपातळी, म्हणजे उतारावरची सारख्या उंचीची आडवी ओळ, काढल्याशिवाय मी कुदळ लावत नाही.

समपातळी काढायला ए-फ्रेम पुरते. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधा, खालची टोकं मीटर-दीड मीटर फाकवा, मध्ये आडवी काठी बांधा आणि वरच्या टोकाला दगड बांधलेली दोरी सोडा. चौकट जमिनीवर उभी करून दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण करा, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करा. दोन्हींच्या बरोबर मधली खूण म्हणजे समपातळी. एक पाय रोवून ठेवा, दुसरा पुढे-मागे सरकवत दोरी त्या मधल्या खुणेवर आणा, तिथे खुंटी ठोका, चौकट फिरवून पुढे चला. खुंट्यांची ओळ वळणं घेत जाईल. ती सरळ करायचा मोह टाळा. त्या ओळीवर हातभर रुंद, वीतभर खोल चर घ्या आणि निघालेली माती खालच्या अंगाला टाकून बांध करा. बांधावर गवत किंवा तूर लावली की मुळं माती धरून ठेवतात. उतार फार तीव्र असेल तर मात्र हे एकट्याने करू नका. तुंबलेलं पाणी बांध फोडून निघालं तर नुकसान जास्त होतं, म्हणून जादा पाण्याला दगडी सांडवा हवाच.

वाफे कायमचे करा. रुंदी १.२ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. पाऊस मुसळधार असेल तर वाफा १५ ते २० सेंटिमीटर उंच करा, पाऊस कमी असेल तर जमिनीच्या पातळीला किंवा थोडा खाली ठेवा. भारी पावसाच्या जागेसाठी सांगितलेला उंच वाफा कोरड्या जागी केला तर तो चार दिवसांत वाळून जातो.

खत आणि माती

कुजवण्याचा ढीग आजच लावा. पावसाळ्यात वाळकी सामग्री मिळत नाही, म्हणून पालापाचोळा, वाळकं गवत, काडीकचरा आत्ता गोळा करून झाकून ठेवा. ढीग निदान मीटरभर लांब-रुंद-उंच हवा, त्यापेक्षा लहान ढीग तापत नाही. मापाने दोन वाटे वाळकं, एक वाटा हिरवं किंवा शेण. ओलावा इतका की मूठभर माल पिळला तर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. तीन-चार दिवसांनी लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसा आणि पाच मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांकडे गेलंय, तणाचं बी आणि रोगजंतू मरतायत. नुसती कोमट निघाली तर हिरवं कमी पडलंय किंवा माल कोरडा आहे. कुबट, अमोनियासारखा वास येत असेल तर वाळकं घालून ढीग उलटा. पावसात वर छप्पर हवंच, नाहीतर सगळा कस निथळून जातो.

कच्चं शेण किंवा कोंबडीची विष्ठा घातली तर त्या वाफ्यातली कच्ची खायची भाजी किमान चार महिने काढू नका. राख चांगली, पण जपून. ती माती अल्कधर्मी करते, आणि ताज्या शेणात मिसळली तर नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जातं.

पेरणीनंतर वाफ्यावर ५ ते १० सेंटिमीटर आच्छादन हवं, फक्त खोडाला चिकटू देऊ नका. निदान एक तृतीयांश वाफ्यांत चवळी, वाल, घेवडा असं शेंगवर्गीय पीक फिरतं ठेवा. फुलोऱ्याच्या सुमाराला एक रोप हळूच उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर असेल तर हवेतलं नत्र बांधलं जातंय. हिरवट किंवा पांढरट असेल तर गाठी नुसत्या नावाला आहेत.

बी

ठेवणीतलं बी न तपासता पेरू नका. २० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. आठवड्यात १६ उगवले तर नेहमीसारखं पेरा, १० उगवले तर दुप्पट टाका, त्याहून कमी आले तर नवीन बी आणा. आणि विकत घेताना सरळ वाणाचंच घ्या. पाकिटावर एफ-१ किंवा संकरित लिहिलं असेल तर त्याचं धरलेलं बी पुढच्या वर्षी आईबापासारखं निघत नाही, म्हणजे पाकीट दरवर्षी बाहेरून येत राहणार.

घेवडा, वाल, टोमॅटो यांचं बी धरणं सोपं, कारण ती बहुतांशी स्वतःच्याच परागावर धरतात. भोपळावर्गाचं तसं नाही, मधमाशी शेजारच्या वाणाचं पराग आणून घालते. बी शुद्ध हवं असेल तर उद्या उमलेल अशी पिवळी झालेली कळी संध्याकाळी हेरा. मादी कळीच्या खाली बोराएवढा बाळभोपळा असतो, नराची कळी सरळ देठावर असते. दोन्हींची तोंडं दोऱ्याने हलकेच बांधा. सकाळी लवकर नरफूल तोडून पाकळ्या काढा, त्याचा परागदांडा मादीच्या मध्यभागी अलगद फिरवा आणि मादीफूल पुन्हा बांधून टाका. देठाला रंगीत चिंधी लावा, नाहीतर नेमका तोच भोपळा भाजीत जातो.

पहिल्या सरीला पेरायचं नाही. वीतभर खोलपर्यंत ओल गेली पाहिजे, आणि तिथली माती मुठीत दाबून बोटाने टोचली की तिचा गोळा फुटला पाहिजे. चिकट राहिला तर दोन दिवस थांबा. पालेभाज्या, मुळा आणि घेवडा एकदम न पेरता दर १५ दिवसांनी थोडं-थोडं पेरा. एकाच दिवशी दहा किलो भाजी तयार होऊन घराचं भागत नाही.

जनावरं यंदा नकोत

हे मी कळकळीने सांगतोय. कुंपण आणि खाद्य यांची सोय झाल्याशिवाय कोंबड्या आणू नका. अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाते. सहा कोंबड्यांचे वर्षाला अडीचशे किलो झाले, आणि तेवढं धान्य दहा गुंठ्यांतून वेगळं काढता येत नाही. खरकटं, पालेभाजीचा उरलेला पाला, ॲझोला (पाण्यावर तरंगत वाढणारं बारीक नेचं) यांनी हे पोतं लहान होतं, संपत नाही. पुढच्या वर्षी आणायच्या असतील तर यंदा वहीत घरचं खरकटं रोज किती निघतं ते लिहून ठेवा. खुराडं जमिनीपासून उंच आणि आत कोरडं हवं. जाळी बारीक आणि मजबूत घ्या, कारण पातळ कोंबडजाळी कोंबडीला आत अडवते, पण कुत्र्याला किंवा मुंगसाला बाहेर अडवत नाही.

साठवणीचं काम पावसाच्या शेवटाला येईल, तरी एक इशारा आत्ताच. घेवडा, मका, कंद अशा आंबट नसलेल्या भाज्या नुसत्या पाण्यात उकळून हवाबंद बरणीत भरू नका. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका मोठा तितका आंबटपणा कमी; तो ४.६ च्या वर असलेल्या मालात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार होऊ शकतं, आणि त्याला वास येईलच असं नाही. त्या वाळवा. भोपळा चार बोटं देठ ठेवून काढा आणि हवेशीर कोरड्या जागी दहा दिवस राहू द्या, मग तो महिनोन् महिने टिकतो.

पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा विजा नसतील तर घरात बसू नका. चपला काढून ठेवा, हातात दहा-बारा काठ्या घ्या आणि तुकड्याच्या वरच्या टोकापासून खाली चालत या. जिथे पाणी गढूळ होऊन पळतंय तिथे एक काठी रोवा, जिथे ते थांबून जिरतंय तिथे चिंधी बांधलेली काठी रोवा. पाऊस उघडल्यावर पहिली कुदळ गढूळ पाण्याच्या काठीपाशी पडू द्या.