अ‍ॅडाप्टर लावून गिटार अ‍ॅम्पचे पॉवर व्हॉल्व्ह बदलताना या चुका टाळा

पन्नास वॅटचा व्हॉल्व्हचा (निर्वात काचनळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प्लिफायर ज्या आवाजाला खरा खुलतो, तो आवाज घरातच काय, लहानशा हॉलमध्येही कोणाला सोसत नाही. त्यामुळे मूळचे ईएल३४ किंवा ६एल६ हे मोठे पॉवर व्हॉल्व्ह काढून त्यांच्या जागी लहान ईएल८४ बसवण्याची युक्ती गिटारवादकांना आकर्षक वाटते. त्यासाठी मिळणाऱ्या अ‍ॅडाप्टरला खाली आठ पिनांचे ऑक्टल बूड आणि वर नऊ पिनांचे सॉकेट असते. अमेरिकेतील टीएचडी इलेक्ट्रॉनिक्सचे ‘यलो जॅकेट’ हे यातले सर्वांत परिचित नाव आहे. दोन ईएल८४ बसले की पन्नास वॅटचा अ‍ॅम्प साधारण वीस वॅटवर येतो आणि लवकर ‘तुटू’ लागतो, म्हणजे कमी आवाजातच त्याचा सूर फाटतो. इथपर्यंत सगळे छान आहे. मात्र अ‍ॅडाप्टर पिनांच्या जागा बदलतो, अ‍ॅम्प बदलत नाही. पॉवर ट्रान्सफॉर्मर, बायसचा, म्हणजे व्हॉल्व्हचा मूळ प्रवाह ठरवणाऱ्या ऋण व्होल्टेजचा, पुरवठा आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर मूळच्या व्हॉल्व्हसाठीच आखलेले असतात, आणि खाली सांगितलेल्या बहुतेक चुका ही गोष्ट विसरल्यामुळे होतात.

साधा अ‍ॅडाप्टर आणि स्वतःचा बायस असलेला अ‍ॅडाप्टर यांत गल्लत

बाहेरून सारखेच दिसणारे दोन प्रकारचे अ‍ॅडाप्टर बाजारात असतात. पहिल्यात खालच्या पिनेपासून वरच्या पिनेपर्यंत नुसती तार ओढलेली असते. दुसऱ्यात कॅथोडचा (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाचा) रेझिस्टर, त्याला समांतर कपॅसिटर आणि ग्रिडच्या (प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या जाळीच्या) मार्गात अ‍ॅम्पचे ऋण व्होल्टेज अडवणारा कपॅसिटर असतो, त्यामुळे व्हॉल्व्ह आपला बायस स्वतः ठरवतो. बाहेरून ऋण व्होल्टेज देणाऱ्या, म्हणजे स्थिर बायसच्या अ‍ॅम्पमध्ये ईएल३४च्या ग्रिडवर साधारण उणे ३५ ते ४० व्होल्ट आणि ६एल६च्या ग्रिडवर उणे ४५ ते ५० व्होल्ट असतात. ईएल८४ला मात्र उणे दहा-बारा व्होल्टच पुरतात. साधा अ‍ॅडाप्टर लावून उणे ४५ व्होल्ट थेट ईएल८४च्या ग्रिडवर दिले, तर तो जवळजवळ बंदच राहतो. आवाज पातळ आणि किरकिरा येतो, आणि सूर विरताना त्याचे तुकडे पडतात. अशा वेळी दोष नव्या व्हॉल्व्हवर ढकलून दुसरी जोडी मागवली जाते, आणि तीही तशीच वाजते.

विकत घेण्यापूर्वी मल्टीमीटरने एक तपासणी करावी. खालची आठवी पिन आणि वरची तिसरी पिन, म्हणजे ईएल८४चा कॅथोड, यांच्यामधला रोध मोजावा. तो शून्य आला तर अ‍ॅडाप्टर साधा आहे, शंभर-दोनशे ओहम किंवा त्याहून अधिक आला तर आत कॅथोडचा रेझिस्टर आहे.

उलट दिशेचा प्रयोगही होतो. ईएल८४च्या अ‍ॅम्पमध्ये अ‍ॅडाप्टरवर ६व्ही६ हा आठ पिनांचा व्हॉल्व्ह बसवला जातो. ईएल८४ २५० व्होल्टवर चालवण्यासाठी निर्मात्यांच्या तक्त्यात १३५ ओहमचा कॅथोड रेझिस्टर दिलेला असतो, तर ६व्ही६ला त्याच व्होल्टेजला अडीचशे ओहमच्या आसपास लागतो. रेझिस्टर न बदलता ६व्ही६ बसवला, तर तो मर्यादेबाहेर तापतो. ६९७३ हा नऊ पिनांचा जुना अमेरिकन व्हॉल्व्ह ईएल८४च्याच सॉकेटमध्ये बिनबोभाट बसतो, पण त्याच्या पिनांची मांडणी पूर्ण वेगळी आहे. तिथे तर अ‍ॅडाप्टरवाचून बसवणे हीच चूक ठरते.

बायसचा स्क्रू फिरवून ठेवणे

ही चूक मी स्वतः केली आहे. ईएल३४च्या एका पन्नास वॅटच्या हेडमध्ये (स्पीकर वेगळा असलेल्या अ‍ॅम्पमध्ये) स्वतःचा बायस असलेले अ‍ॅडाप्टर लावले होते. आवाज थोडा कोरडा वाटला, म्हणून चासीतल्या (धातूच्या सांगाड्यातल्या) बायसच्या पॉटमध्ये, म्हणजे फिरवून बायस बदलण्याच्या रेझिस्टरमध्ये, पेचकस घालून तो एका बाजूला फिरवला, मग दुसऱ्या बाजूला फिरवला, पण फरक काहीच पडला नाही. पडणारही नव्हता, कारण अ‍ॅडाप्टरमधला कपॅसिटर ते व्होल्टेज व्हॉल्व्हपर्यंत पोचूच देत नव्हता. पॉट जिथे थांबला तिथे सोडून मी चासी बंद केली. दोन महिन्यांनी एका कार्यक्रमासाठी मूळचे ईएल३४ परत बसवले. स्टँडबायचा स्विच दाबल्यावर दोन मिनिटांत एका व्हॉल्व्हच्या प्लेटच्या (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या धातूच्या पत्र्याच्या) शिवणीवर नाण्याएवढा लाल डाग उमटला आणि बघता बघता पसरू लागला. मोजल्यावर कळले, की ग्रिडवर उणे ३८ऐवजी उणे २७ व्होल्ट होते.

म्हणून स्वतःचा बायस असलेला अ‍ॅडाप्टर लावला असेल, तर बायसच्या पॉटला हात लावू नये. लावण्यापूर्वी ग्रिडच्या पिनेवरचे, म्हणजे ऑक्टल सॉकेटच्या पाचव्या पिनेवरचे व्होल्टेज मोजून चासीच्या आतल्या बाजूला कागदाची चिठ्ठी डकवावी. मूळचे व्हॉल्व्ह परत बसवताना आधी हा आकडा तपासावा, मगच व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये घालावेत.

प्लेटच्या व्होल्टेजकडे दुर्लक्ष

ईएल८४च्या प्लेटची मर्यादा १२ वॅट आणि ३०० व्होल्ट आहे. स्क्रीन ग्रिडचीही (ग्रिड आणि प्लेट यांच्यामधल्या दुसऱ्या जाळीचीही) मर्यादा ३०० व्होल्ट आणि दोन वॅट आहे. गिटार अ‍ॅम्प ही मर्यादा सर्रास ओलांडतात, हे खरे आहे. तरी चाळीस-पन्नास व्होल्ट ओलांडणे वेगळे आणि ४५० व्होल्टच्या अ‍ॅम्पमध्ये ईएल८४ बसवणे वेगळे. ३०० व्होल्टला बारा वॅट म्हणजे ४० मिलिअँपिअर होतात, तर ४५० व्होल्टला तेच बारा वॅट जेमतेम २६ मिलिअँपिअरमध्ये भरतात. शिवाय ईएल८४ मूळच्या व्हॉल्व्हपेक्षा कमी प्रवाह घेतात, त्यामुळे पुरवठ्यावरचा ताण कमी होऊन व्होल्टेज आणखी वर चढते. ईएल३४ बसवलेले असताना मोजलेला आकडा म्हणून कामाचा नाही. अ‍ॅडाप्टर आणि ईएल८४ बसवून, तापल्यावर पुन्हा मोजायला हवे, आणि तो आकडा अ‍ॅडाप्टरच्या निर्मात्याने दिलेल्या कमाल मर्यादेशी ताडून पाहायला हवा.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. अमेरिकेतून आणलेला अ‍ॅम्प स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवला जातो, आणि तो ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्ट गृहीत धरून गुंडाळलेला असतो. रात्री उशिरा भार उतरल्यावर मेन्स, म्हणजे घरची वीज, २४५ व्होल्टला गेली, तर आतले प्रत्येक व्होल्टेज त्याच प्रमाणात, म्हणजे साडेसहा टक्क्यांनी वाढते. सर्किटच्या नकाशावरचे ४१५ व्होल्ट मग ४४० व्होल्टच्या पुढे जातात आणि हीटरचे (कॅथोड तापवणाऱ्या तारेचे) ६.३ व्होल्ट ६.७ होतात. संध्याकाळी सातला मोजून निर्धास्त झालेल्या माणसाचा व्हॉल्व्ह रात्री बाराला लाल होतो, तो यामुळे. अशात कोणी एसीचे डीसी करणारा ५वाय३ रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून तिथे डायोडचा प्लग बसवला, तर आणखी पन्नासएक व्होल्ट सहज वाढतात. हे दोन प्रयोग एकाच वेळी करू नयेत.

जास्त व्होल्टेजच्या अ‍ॅम्पमध्ये ७१८९ (ईएल८४चाच एक प्रकार) किंवा रशियन सैन्यदलासाठी बनलेल्या वर्गातले ईएल८४ वापरणे शहाणपणाचे ठरते, कारण ७१८९ची प्लेट ४०० व्होल्टसाठी आखलेली आहे. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने ईएल८४ रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या खोक्यांत अजून सापडतात. ते चांगले व्हॉल्व्ह आहेत, पण रेडिओतल्या अडीचशे व्होल्टवर वाढलेले आहेत. त्यांना ४५० व्होल्टच्या अ‍ॅम्पमध्ये जाळणे मला तरी पटत नाही.

हीटरचा हिशेब न करणे

ईएल८४चा हीटर ०.७६ अँपिअर, ६व्ही६चा ०.४५, ६एल६चा ०.९ आणि ईएल३४चा १.५ अँपिअर घेतो. ईएल३४ काढून ईएल८४ बसवताना ट्रान्सफॉर्मरचा भार कमी होतो, म्हणून काळजी नाही. ६व्ही६ काढून ईएल८४ बसवताना मात्र ‘लहान व्हॉल्व्ह, म्हणजे कमी भार’ हा समज फसवा ठरतो, कारण दोन व्हॉल्व्हमागे भार ०.६२ अँपिअरने वाढतो. दोन ६व्ही६च्या जागी दोन ईएल३४ बसवले, तर तो तब्बल २.१ अँपिअरने वाढतो. असा अ‍ॅम्प सुरू होतो, वाजतोही. पण अर्ध्या तासाने पॉवर ट्रान्सफॉर्मरवर हात टेकवत नसेल, तर प्रयोग तिथेच थांबवावा.

स्पीकरचा स्विच आहे तिथेच ठेवणे

दोन ईएल३४ला आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडून सुमारे साडेतीन हजार ओहमचा भार हवा असतो, दोन ६एल६ला चार हजारांच्या आसपास आणि दोन ईएल८४ला आठ हजार ओहम. अ‍ॅडाप्टर लावून स्पीकरचे ओहम निवडण्याचा स्विच आहे तिथेच ठेवला, तर ईएल८४ला हवा त्याच्या निम्माच भार मिळतो. अ‍ॅम्प त्यानेही चालतो, फक्त आवाज थोडा दबलेला येतो आणि व्हॉल्व्ह लवकर झिजतात. सोळा ओहमचे कॅबिनेट आठ ओहमच्या जॅकला जोडले, की ट्रान्सफॉर्मरमधून व्हॉल्व्हला दिसणारा भार दुप्पट होतो आणि गणित जुळते. चार व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमधून दोन काढून ठेवले, तरी हाच नियम लागतो. मात्र व्हॉल्व्ह सिग्नलचे दोन अर्धे हाताळणाऱ्या दोन बाजूंत वाटलेले असतात, म्हणून प्रत्येक बाजूचा एक-एक असे दोन काढावे लागतात. शंभर वॅटच्या मार्शल पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये ते म्हणजे एक तर बाहेरचे दोन किंवा आतले दोन. एकाच बाजूचे दोन काढले, तर दुसरी बाजू एकटी भार ओढत राहते. मूळचे व्हॉल्व्ह परत आल्यावर स्विचही परत फिरवावा. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प वाजवणे तर कोणत्याही व्हॉल्व्हवर वर्ज्यच आहे.

पहिल्या आणि सहाव्या पिनेचा सापळा

६एल६च्या व्हॉल्व्हमध्ये या दोन पिना सर्किटच्या कामाच्या नसतात. म्हणून साठच्या दशकातल्या फेंडर अ‍ॅम्पमध्ये त्या सॉकेटवर सुटे भाग डाखण्यासाठी खुंटी म्हणून वापरल्या आहेत. दीड हजार ओहमचा ग्रिड रेझिस्टर पहिल्या आणि पाचव्या पिनेच्या मध्ये, तर ४७० ओहमचा स्क्रीन रेझिस्टर सहाव्या आणि चौथ्या पिनेच्या मध्ये असतो. ईएल३४ची पहिली पिन मात्र रिकामी नाही. तिसरी ग्रिड, म्हणजे सप्रेसर, तिथे निघते आणि ती कॅथोडला जोडलेली असावी लागते. ईएल३४ अशा सॉकेटमध्ये थेट बसवला, की सप्रेसरवर सिग्नल आणि बायसचे ऋण व्होल्टेज येते.

त्यावर उपाय म्हणून घेतलेला अ‍ॅडाप्टर वाईट बनावटीचा असला, तर दुखणे वाढते. आतमध्ये पहिली आणि आठवी पिन जोडताना खालची पहिली पिनही तशीच जोडलेली राहिली, तर फेंडरच्या सॉकेटवरचा बायस थेट चासीला जातो, ग्रिड शून्य व्होल्टवर येते आणि व्हॉल्व्ह सेकंदांत लाल होतो. म्हणून लावण्यापूर्वी अ‍ॅडाप्टरच्या खालच्या पहिल्या आणि आठव्या पिनेत मल्टीमीटर वाजत नाही ना, आणि सहावी पिन कशालाच जोडलेली नाही ना, हे पाहावे. मीटर वाजला तर तो अ‍ॅडाप्टर त्या अ‍ॅम्पसाठी नाही.

बसवण्यातल्या चुका

ऑक्टल बुडाच्या मध्यभागी प्लॅस्टिकची खुंटी आणि तिच्यावर एक उभी कड असते. ती कड पहिल्या आणि आठव्या पिनेच्या मधली दिशा दाखवते. स्वस्त अ‍ॅडाप्टरची ही कड तुटते. मग तो आठही दिशांनी बसतो आणि त्यातली एकच दिशा बरोबर असते. तुटलेली कड दिसली, की अ‍ॅडाप्टर टाकून द्यावा. रंगाने खूण करून वापरण्याचा मोह आवरावा. स्पीकर त्याच पेटीत असलेल्या काँबो अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्ह उलटे लटकतात, अ‍ॅडाप्टरमुळे उंची वाढते आणि मूळच्या क्लिपा पकड घेत नाहीत. अशा वेळी स्पीकरच्या हादऱ्याने व्हॉल्व्ह हळूहळू खाली सरकतो किंवा त्याची काच कॅबिनेटला टेकते. अ‍ॅम्प नुकताच बंद केला असेल, तर काच थंड होऊ द्यावी. चासी उघडायची असेल, तर कपॅसिटरमध्ये उरलेले चारशे-पाचशे व्होल्ट मोठ्या वॅटेजच्या रेझिस्टरमधून उतरवून मीटरने खात्री करावी. प्लग काढला म्हणजे वीज गेली, असे इथे होत नाही.

बिघाड शोधताना

प्लेट लाल दिसली, तर अ‍ॅम्प लगेच बंद करावा. थंड झाल्यावर दोन्ही ईएल८४ची अ‍ॅडाप्टरसकट अदलाबदल न करता, आधी फक्त व्हॉल्व्हची करावी. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली, तर व्हॉल्व्ह खराब आहे. ती जागेवरच राहिली, तर अ‍ॅडाप्टरही बदलून पाहावा. तरीही जागा तीच राहिली, तर दोष अ‍ॅम्पच्या सॉकेटमध्ये किंवा त्यामागच्या, आधीच्या टप्प्यातून सिग्नल आणणाऱ्या कपलिंग कपॅसिटरमध्ये आहे. अचानक वाढलेली घुंग बहुधा एकच बाजू चालू असल्याची खूण असते. दोन्ही बाजू सारख्या चालल्या, की पुरवठ्यातली घुंग ट्रान्सफॉर्मरमध्ये परस्पर कापली जाते. फ्यूज उडाला, तर तोच आकडा असलेला फ्यूज एकदाच घालावा. दुसऱ्यांदा उडाला तर मोठा फ्यूज न घालता व्हॉल्व्ह काढून अ‍ॅम्प तपासावा. प्रवाह मोजण्यासाठी बायस प्रोब अ‍ॅम्पचे सॉकेट आणि अ‍ॅडाप्टर यांच्यामध्ये लावता येतो, पण त्यावर दिसतो तो कॅथोडचा प्रवाह असतो. त्यातून स्क्रीनचे पाचएक मिलिअँपिअर वजा केल्यावरच प्लेटचा आकडा मिळतो.

खरखर येत असेल, तर लाकडी पेन्सिलीने आधी व्हॉल्व्हवर आणि मग अ‍ॅडाप्टरच्या कडेवर हलकेच टिचकी द्यावी. अ‍ॅडाप्टरवर मारल्यावरच आवाज आला, तर बहुतेक वेळा सॉकेटची पकड सैल झालेली असते. अ‍ॅम्प बंद करून, त्यात उरलेले व्होल्टेज पूर्ण उतरवून, पिना साफ करून आणि सॉकेटचे ओठ बारीक सुईने किंचित आवळून ती परत आणता येते.