टँकचा घोळका अंगावर आला तर: ‘हेल लेट लूज’च्या नव्या गड्यांसाठी

आमच्या टोळीत सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्ट करणारे जसे, तशी कॉलेज रोडची पोरंही. रात्री जेवणं उरकली की सगळे हेडफोन चढवून ‘हेल लेट लूज’ हा दुसऱ्या महायुद्धावरचा ऑनलाइन गेम खेळायला बसतात. नवा भिडू आला की त्याचा ठरलेला प्रश्न: “भो, तीन-चार टँक एकदम आले तर पळायचं का?”

पळू नका, पण दिसताक्षणी रॉकेटही सोडू नका. बझूका असो वा पांझरश्रेक (दोन्ही खांद्यावरून डागायचे रॉकेट लाँचर), जड टँकच्या तोंडावर मारलेलं रॉकेट बहुतेक वाया जातं, वर तुमची जागा उघडी पडते. त्याला पुढे जाऊ द्या. बाजू दिसली तर बरं, पाठ दिसली तर उत्तम. इंजिन तिथेच असतं.

1965 च्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला आपल्या 4 माउंटन डिव्हिजनने नेमकं हेच केलं. घोड्याच्या नालेसारखे मोर्चे बांधले, रानात पाणी सोडलं. पाकिस्तानचे पॅटन टँक चिखलात रुतले आणि तीन बाजूंनी मार खात बसले. अब्दुल हमीद यांनी जीपवरची 106 मिमी तोफ बगलेला नेऊन गोळे डागले.

गेममध्ये पाणी सोडता येत नाही, ती कसर इंजिनिअरची भूमिका घेतलेल्या खेळाडूच्या माइन (सुरुंग) भरून काढतात. पुलाचं तोंड, रस्त्याचं वळण, कुंपणातली फट अशा जागा धरा. मोकळ्या शेतात पेरून उपयोग नाही. अँटी-टँक तोफ रस्त्याकडे तोंड करून बांधली तर पहिल्याच गोळ्याला जाते. ती आडवी, घराच्या किंवा झाडीच्या आड हवी. बांधकामाचं सामान (सप्लाय) टाकणारा सपोर्ट खेळाडू मात्र आधीच सोबत न्या, नाहीतर हातोडा घेऊन नुसते उभे राहाल.

मशीनगनवाल्याने टँककडे बघूच नये. मागून येणारं पायदळ त्याने झोपवलं, की टँकमधले तिघं निम्मे आंधळे होतात. मग सॅचेल (स्फोटकांची पिशवी) घेऊन जवळ जाता येतं.

माइकवर “टँक आला, टँक आला” ओरडणाऱ्यांचा मला भयंकर वैताग आहे. अरे, कुठे? “दोनशे दहा अंश, चर्चमागे, तोंड पूर्वेला” एवढं बोला.

चेन किंवा इंजिन गेलं की टँक जागीच थांबतो, पण संपत नाही. आतून एकजण दुरुस्तीला खाली उतरतोच. दुसरं रॉकेट भरायच्या आधी कुणीतरी रायफल त्या दिशेला रोखून ठेवा.