पुठ्ठ्याच्या स्टेशन-मॉडेलच्या भिंती पावसाळ्यात वाकू नयेत म्हणून

ठाण्यात जुलैच्या दमट हवेत १:८७ प्रमाणातल्या पुठ्ठ्याच्या किटच्या लांब भिंती हमखास धनुष्यासारख्या वाकतात. रंग फक्त बाहेरून लागतो, आतली कोरी बाजू ओल शोषून फुगते.

१. भाग कापून झाल्यावर, जोडणीआधी, जिथे गोंद लागणार त्या कडांवर ३ मिमी रुंद मास्किंग टेप लावा. पुढच्या पायरीत लावायच्या सीलरवर (छिद्रे बुजवून ओल अडवणारा लेप) फेव्हिकॉल नीट धरत नाही.

२. सँडिंग सीलरमध्ये तेवढाच एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) थिनर, म्हणजे सीलर पातळ करणारा द्राव, मिसळून दोन्ही बाजूंना पातळ हात द्या. खिडक्यांच्या कापलेल्या कडा विसरू नका, ओल सर्वात आधी तिथूनच शिरते. एका बाजूला सीलर लावून दुसरी उद्यावर ढकलली, तर सगळी मेहनत पाण्यात. भाग चिमट्याने दोरीला टांगून वाळवा, कागदावर आडवा ठेवला की चिकटतो. वाळल्यावर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासून दुसरा हात द्या.

३. टेप काढा, जोडा. कोपऱ्यांत आतून ५ मिमी चौकोनी लाकडी पट्टी द्या. भिंत १२ सेंमीपेक्षा लांब असेल, तर आतून मधोमध आडवी आइस्क्रीमची काडीही चिकटवा. फलाटाच्या शेडची मागची भिंत या काडीशिवाय सरळ राहतच नाही.

रंग यानंतरच.

थिनर भडकतो. खिडकी उघडी ठेवा, गॅस किंवा देवाचा दिवा जवळ नको.