सापाला ‘कंटाळा येऊ नये’ म्हणून धडपडताय? या चुका टाळा

आधी कायद्याचं उरकून घेतो. खाली लिहिलंय ते बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक या दोन परदेशी सापांबद्दल. धामण, मांडूळ, नाग, अजगर असा कुठलाही देशी साप घरात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. बागेत सापडला, पिल्लू होतं, दया आली, यातलं काही चालत नाही, सर्पमित्राला बोलवा. बॉल पायथन ‘साइट्स’च्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतो, त्यामुळे २०२४च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते. ती झाली नसेल तर फांद्या-बिंद्या राहू देत, आधी ते करा.

प्लास्टिकच्या डब्यात वर्तमानपत्र आणि पाण्याची वाटी, एवढ्यावर साप ठेवायचे दिवस संपत आले, हे चांगलंच झालं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात कॉर्न स्नेकांना साधी पेटी आणि सजवलेली पेटी यांतून निवडायला दिलं, तर साप सजवलेल्या पेटीकडेच वळले. २०२१चा अभ्यास आहे. तेव्हा एनरिचमेंट, म्हणजे पेटीत लपायला, चढायला, हुंगायला काहीतरी देणं, हे फॅड नाही. पण आता नवशिक्यांची गाडी दुसऱ्या टोकाला गेलीय. साप आणून आठवडा झालेला नसतो आणि विचारतात, ‘याच्यासाठी खेळणी कुठली घेऊ?’ अहो, त्याला करमणूक नकोय. ऊब की गारवा, वर की खाली, दिसायचं की लपायचं, हे स्वतः ठरवता आलं की त्याचं बरंचसं काम भागतं.

दर रविवारी नवा सेट

ही माझी सगळ्यात नावडती चूक. रविवारी अख्खी पेटी रिकामी करायची, सगळं साबणाने घासायचं, नवं कोकोपीट, नवी मांडणी, मग फोटो. सापासाठी ‘व्हरायटी’ म्हणे.

साप जग वासाने ओळखतो. जीभ लवलवते ती हवेतले आणि जमिनीवरचे वासाचे कण टाळूतल्या जेकबसन अवयवापर्यंत न्यायला. पेटीतल्या प्रत्येक दगडावर त्याचा स्वतःचा वास असतो, आणि त्यावरून त्याला कळतं की ही जागा आपली आहे. शिवाय जागा लक्षात राहतात त्याच्या. १९९९मध्ये अमेरिकेत कॉर्न स्नेकांवर प्रयोग झाला होता. बाहेर पडायचं बीळ कुठे आहे हे ते सरावाने शिकले. तुम्ही दर आठवड्याला त्याचा नकाशाही पुसता आणि वासही.

कोथरूडमधल्या एका जोडप्याचा बॉल पायथन जेवेना. त्यांनी उंदीर बदलून पाहिले, छोटे दिले, मोठे दिले, उंदीर विकणारा बदलला. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मी म्हटलं, पेटीचे जुने फोटो पाठवा. आले. प्रत्येक फोटोत पेटी वेगळी! एकीत दगडी किल्ला, दुसरीत वाळवंट, आणि तिसरीत चक्क गणपतीच्या मखरातली प्लास्टिकची फुलं आणि लुकलुकणारी एलईडी माळ. साप मात्र प्रत्येक फोटोत एकाच ठिकाणी: पाण्याच्या भांड्यामागे, डोकं वेटोळ्यात खुपसून. लपायला दुसरी जागाच नव्हती, कारण ‘हाईड (लपायचं बंदिस्त खोपटं) ठेवलं की तो दिसतच नाही’.

त्यांना सांगितलं ते एवढंच. ऊबदार टोकाला एक आणि गार टोकाला एक अशी अंगाला घट्ट बसणारी दोन हाईड्स ठेवा, माळ काढा, आणि पाणी बदलणं व शी काढणं सोडून पेटीत हात घालू नका. दोन दिवसांनी वहिनींचा फोन: ‘अजून नाही जेवला.’ दोन दिवसांत! शेवटी काही आठवड्यांनी जेवला. (थंडीत मोठे नर तसेही महिनोन्‌महिने जेवण टाळतात. वजन टिकून असेल तर जीव काढू नका.)

माझी सवय अशी की दोन्ही हाईड्स कधीच हलवत नाही. बदल एका वेळी एकच, तोही जेवण पचल्यावर. कोकोपीट पूर्ण बदलायचंच झालं तर जुन्यातलं ओंजळभर स्वच्छ कोकोपीट नव्यात मिसळतो. आणि पुठ्ठ्याचं खोकं, अंड्यांचा कागदी ट्रे, सागाची वाळकी पानं यांपुढे दुकानातली महागडी सजावट मला कधी पटलेली नाही. खोक्याला दोन भोकं पाडा, आत पानं भरा, ठेवून द्या. रात्री लाल दिवा वगैरे लावून बघत बसू नका.

सेलोटेप

पेटीच्या आत चिकटपट्टी लावायची नाही. सेलोटेप नाही, इलेक्ट्रिकची काळी टेप नाही, डबल साइडेड तर मुळीच नाही. हे मी इतक्या वेळा बोललोय की घरचे हसतात.

एका कॉलेजच्या पोराने प्लास्टिकची वेल काचेला टेपने चिकटवली होती. थर्मोस्टॅटचा सेन्सरही टेपनेच. दमट हवेत टेपचं टोक सुटलं, आणि पायथन नेमका त्याच फटीत घुसला, कारण फट दिसली की घुसायचं हा त्याचा स्वभाव. पोटाच्या बाजूला वीतभर टेप चिकटली. पोरगं घाबरलं आणि त्याने ती बँडेज काढतात तशी एका झटक्यात ओढली, तीही शेपटीकडून डोक्याकडे. खवले शेपटीकडे झुकलेले असतात, ते उलटे उचकटले. मी पोचलो तेव्हा अर्धी टेप अजून अंगावर, तिला चिकटलेले खवले, आणि खाली ओलं गुलाबी मांस.

उरलेली टेप काढायला संध्याकाळ गेली. डिसेंबर होता, खोबरेल गोठलेलं. तळहातावर चोळून पातळ करायचं, कापसाच्या काडीने टेपच्या कडेखाली सारायचं, थांबायचं, कड सैल झाली की डोक्याकडून शेपटीकडे केसभर गुंडाळायची, पुन्हा तेल. ‘काका, कात्रीने कापू का?’ असं त्याने विचारलं तेव्हा मी फक्त बघितलं त्याच्याकडे. नंतर डॉक्टरांकडे नेलं, मलम सुरू झालं, आणि दोन-तीन काती टाकेपर्यंत तो पट्टा वेगळाच दिसत राहिला.

टेप डोळ्याजवळ, तोंडाजवळ किंवा शेपटीखालच्या छिद्राजवळ असेल तर घरी हात लावू नका, थेट डॉक्टर. आणि मुळात सेन्सरची वायर झिप टायने बांधा किंवा मत्स्यटाकीचं सिलिकॉन लावा. सिलिकॉनचा वास पूर्ण जाईपर्यंत साप आत सोडायचा नाही. हा ‘पूर्ण’ शब्दच लोकांना जड जातो.

‘बघा, किती ॲक्टिव्ह आहे!’

साप काचेवर नाक घासत इकडून तिकडे फिरतोय, असा व्हिडिओ पाठवून लोक खूश असतात. खेळत नाहीये तो. बाहेर पडायची वाट शोधतोय. बहुतेक वेळा कारण तापमानाचं असतं. एप्रिल-मेमध्ये खोलीच ३४ अंशांवर गेली की पेटीला गार टोक उरतच नाही, तरी हीटर चालूच. बॉल पायथनला ऊबदार टोक ३१–३२ आणि गार टोक २५–२६ अंश हवं. कॉर्न स्नेकला दोन्ही त्याहून दोन-तीन अंश कमी. काचेला चिकटवायच्या गोल तबकडीच्या तापमापकावर विसंबू नका, दोन्ही टोकांना डिजिटल सेन्सर ठेवा. पेटी खिडकीपासून हलवा, जमिनीजवळ आणा. त्यानंतरही फिरत असेल तर भूक, अपुरी हाईड्स किंवा विणीच्या काळातला नर, या क्रमाने बघा. नवी फांदी हा त्यावरचा उपाय नाही.

फांद्यांचंही बोलू. ‘बॉल पायथन जमिनीवरचा साप, त्याला फांदी कशाला’ हे जुनं पालुपद. नायजेरियातल्या अभ्यासात नर बऱ्यापैकी झाडावर चढणारे आणि पक्षी खाणारे निघाले. तेव्हा फांदी द्या, पण कमी उंचीवर, निदान सापाच्या मधल्या भागाइतकी जाड, आणि स्क्रूने पक्की. नुसती टेकवलेली फांदी सापासकट खाली येते. पेरूची उत्तम. कण्हेर, शेर, रुई यांच्या जवळही जाऊ नका.

‘शिकारीचं थ्रिल मिळू दे’ म्हणून जिवंत उंदीर सोडणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. उंदीर चावतो, डोळा जातो, इतकं सरळ आहे ते. शोधायचं सुख द्यायचंच असेल तर गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात नीट वितळवा, चिमट्याने फांदीवरून, पानांवरून फिरवत हाईडच्या तोंडाशी नेऊन ठेवा, आणि दिवा घालवून निघून जा. साप त्या वासाचा माग काढत येतो. कधी नुसताच वासाचा माग सोडावा, पुढे काही नसलं तरी चालतं. जेवणानंतर दोन दिवस हाताळायचं नाही. आणि रोज मित्रांच्या गळ्यात घालणं ही तुमची करमणूक आहे, त्याची नाही.

आता राहिलेलं भराभर. तापणारा ‘हीट रॉक’ घेऊ नका, पोट भाजतं. सोबत म्हणून दोन कॉर्न स्नेक एकत्र ठेवू नका, एक दुसऱ्याला खाऊ शकतो. नवा वास द्यायचा म्हणून कापूर, निलगिरीचं तेल, उदबत्ती नको. डासांची कॉइल आणि लिक्विड त्या खोलीत मुळीच नको. देवदार, चीड यांचा भुसा नको. दुसऱ्याच्या सापाची कात वासासाठी मागून आणाल तर सोबत गोचिडासारखे बारीक माइट्सही आणाल.

बाहेरची फांदी आणि पानं आणलीत तर ब्रशने घासा, उकळतं पाणी ओता, आणि कडक उन्हात पार खडखडीत होईपर्यंत वाळवा. पावसाळ्यात हे जमत नाही. पंख्याखाली वाळवलेल्या फांदीवर चार दिवसांत पांढरी बुरशी धरते. जुलैत ज्यांनी मला ‘आत्ताच लावू का’ विचारलंय, त्या सगळ्यांनी ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघा.