आखातात शिकवणाऱ्या शिक्षकांनी प्राप्तिकराबाबत या चुका टाळाव्यात

दुबई, दोहा किंवा कुवेत येथील शाळेत नोकरी मिळालेल्या अनेक शिक्षकांचा असा समज असतो की, तिथे पगारावर प्राप्तिकर नसल्यामुळे आता कराच्या बाबतीत आपल्याला काही करावे लागणार नाही. पगारावर तिथे कर नाही हे खरे, परंतु भारतातील जबाबदारी त्यामुळे संपत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक दिवस मोजण्यात होते. आपण अनिवासी आहोत की नाही हे व्हिसावरून किंवा शाळेशी झालेल्या करारावरून ठरत नाही. 1 एप्रिल ते 31 मार्च या आर्थिक वर्षात भारतात किती दिवस काढले यावरून ते दरवर्षी नव्याने ठरते. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाचा त्या वर्षातील भारतातील मुक्काम 182 दिवसांपेक्षा कमी असावा लागतो. ऑगस्टअखेर निघालेल्या शिक्षकाचे तोवर 153 दिवस झालेले असतात. तो डिसेंबरच्या सुटीत तीन आठवडे आणि मार्चमध्ये दहा दिवस गावी आला, तर मर्यादा ओलांडली जाते आणि त्या वर्षाचा आखातातील पगारही भारतात करपात्र ठरू शकतो. म्हणून पहिल्या वर्षी सुटीचे तिकीट काढण्याआधी पासपोर्टवरील शिक्के पाहून हिशेब करावा, आणि येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरावेत.

पगार थेट भारतातील खात्यात मागवणे हीदेखील टाळण्यासारखी गोष्ट आहे, कारण अनिवासी व्यक्तीला भारतात प्रथम मिळालेले उत्पन्न करपात्र मानले जाऊ शकते. पगार आधी तिथल्या बँकेत जमा व्हावा आणि मग एनआरई खात्यात, म्हणजे परदेशातील कमाई ठेवण्यासाठी अनिवासींना मिळणाऱ्या भारतीय बँकेतील खात्यात, पाठवावा. जुने बचत खाते तसेच चालू ठेवणे परकीय चलन कायद्याला धरून नाही. ते एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या खात्यात, बदलून घ्यावे. एनआरई खात्यावरील व्याज करमुक्त असते, तर एनआरओवरील व्याजातून 30 टक्के टीडीएस (रक्कम देतानाच कापला जाणारा कर) आणि त्यावर उपकर कापला जातो. संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्यांना तिथले कर-निवासी प्रमाणपत्र बँकेला देऊन दोन्ही देशांमधील कर-करारानुसार 12.5 टक्क्यांचा दर मागता येतो. हे प्रमाणपत्र मिळवण्याचा खटाटोप अनेक जण टाळतात आणि जास्तीची रक्कम परताव्यात अडकून राहते.

पुण्यातील किंवा नाशिकमधील फ्लॅट भाड्याने दिला असेल, तर भाडेकरूने भाड्यातून टीडीएस कापणे बंधनकारक आहे, मग भाडे कितीही कमी असो. हे त्याला आधीच सांगावे, कारण नोटीस आली तर ती त्याच्या नावाने येते.

विवरणपत्र भरताना आयटीआर-1 हा फॉर्म निवडू नये. तो केवळ निवासी व्यक्तींसाठी आहे, पगारदार अनिवासींना बहुधा आयटीआर-2 लागतो. बारा लाखांपर्यंत कर नाही, हे ऐकून निर्धास्त राहणेही चुकीचे आहे, कारण ती सूट निवासी व्यक्तींनाच मिळते. प्राप्तिकर पोर्टलवर आपला दर्जा अनिवासी असा बदलणेही विसरू नये. तो न बदलल्याने आधार न जोडलेले पॅन निष्क्रिय झाल्याचे प्रकार घडले आहेत.

चूक झालीच असेल, तर मुदतीत सुधारित विवरणपत्र भरावे. मुदत उलटली असल्यास 48 महिन्यांपर्यंत जादा कर भरून अद्ययावत विवरणपत्र देता येते, मात्र त्यातून परतावा मागता येत नाही.

फ्लॅट विकल्यामुळे एखाद्या वर्षी भारतातील उत्पन्न 15 लाखांच्या वर गेले, तर आखातात कर लागत नसल्याच्या कारणाने कायदा त्या शिक्षकाला निवासी मानतो. या तरतुदीची भीती मात्र अवाजवी आहे, कारण मिळणारा दर्जा 'सामान्यतः निवासी नसलेला' असा असतो आणि केवळ त्यामुळे तिथला पगार भारतात करपात्र होत नाही.