बागेच्या वेबसाइटचा आयकॉन करायला घेण्याआधी

ऑक्टोबर छाटणी उरकली की निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार वेबसाइटचं मनावर घेतात, आणि लोगो म्हणून हमखास येतो तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा जेपीजी. तो बाजूला ठेवा. ज्यानं लोगो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्या; फ्लेक्सवाल्याकडे ती बहुधा कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, तिची एसव्हीजी (कितीही लहानमोठी केली तरी न फाटणारी चित्रफाइल) करून घ्या. बागेचं नाव, फोन नंबर, वेलबुट्टी यातलं काही आयकॉनमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर आणि फोनच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या छोट्या चित्रात, येणार नाही, हे मालकांच्या कानावर आधीच घाला. नंतर रुसवेफुगवे होतात.

मग सगळ्यात छोटा आकार आधी काढा. साध्या स्क्रीनवर टॅबमध्ये १६ बाय १६ पिक्सेलच मिळतात. मोठा घड लहान केला तर तिथे जांभळा डाग उरतो. मणी सहाच घ्या: वर तीन, मध्ये दोन, खाली एक. मणी चार पिक्सेलचा आणि फट एकाची धरली, तर खालची ओळ अडीच पिक्सेल सरकते आणि कडा धुरकटतात. मणी तीनचा, फट एकाची धरा. ओळ बरोबर दोन पिक्सेल सरकते. घड ११ रुंद, ११ उंच होतो, वर देठ-पानाला पाच उरतात. डावीउजवीकडे दोन आणि तीन असं विषम उरतं खरं, पण पान थोडं एका बाजूला झुकवलं की ते खुपत नाही. ३२ला हीच आकृती दुप्पट करू नका, मणी गोल करून घ्या. विंडोजवर १५० टक्के स्केल असेल तर २४ लागतो, तोही करून ठेवा. १६, २४, ३२, ४८ हे सगळे आकार एकाच आयसीओ या आयकॉनच्या फाइलमध्ये बसतात.

आयफोनच्या होम स्क्रीनसाठी १८० पिक्सेलचा पीएनजी (पिक्सेलची चित्रफाइल), पार्श्वभूमी भरलेली. कोपरे तो स्वतः गोल करतो. अँड्रॉइडसाठी मॅनिफेस्टमध्ये (साइटचं नाव, आयकॉन ब्राउझरला सांगणारी फाइल) १९२ आणि ५१२. शिवाय ५१२चा एक मास्केबल, म्हणजे कडा कापल्या तरी चालेल असा, कारण काही फोन आयकॉन गोल कापतात. घड मधल्या ८० टक्के व्यासाच्या वर्तुळात, म्हणजे साधारण ४०९ पिक्सेलमध्ये बसवा.

पानातले फोन, नकाशा, गाडी असे आयकॉन एसव्हीजीच ठेवा, कुठल्या स्क्रीनवर पिक्सेल किती दाट याची कटकट मिटते. पीएनजीच द्यायचा असेल तर २४च्या जोडीला दाट स्क्रीनसाठी ४८ आणि ७२.

तपासायला नवा लॅपटॉप पुरत नाही. ऑफिसमधला जुना मॉनिटर आणि डार्क थीम, दोन्हीकडे बघा. गडद जांभळा घड काळ्या टॅबवर गडप होतो, त्याला फिकट कड द्या. बदललेला आयकॉन दिसत नाही असा फोन येणारच. ब्राउझर जुनाच धरून बसतो, तेव्हा फाइल नवं नाव देऊनच चढवा.