गिटारची खरखर आणि सुटलेला ब्रिज: दुरुस्तीच्या टेबलावर या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-कोकणातून एक तक्रार हमखास येते: 'तारा वर गेल्यात, बोटं दुखतात.' आणि लगेच सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकवणारी पट्टी, घासायला घेतलं जातं. थांबा. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते, सॉलिड टॉप (गिटारची वरची अस्सल लाकडाची फळी) फुगतं आणि तारा अडकवलेल्या ब्रिजला वर ढकलतं. हिवाळ्यात लाकूड सुकलं की टॉप पुन्हा बसतं, तारा फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आपटू लागतात आणि मग नवं सॅडल करण्यावाचून गत्यंतर नसतं. आधी केसमध्ये सिलिका जेल टाकून गिटार आठवडाभर ठेवा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांवर आली की मगच माप घ्या.

तारांची उंची कमी करायला ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) फिरवणं ही तितकीच सर्रास होणारी चूक. रॉड मानेचा बाक ठरवतो, उंची नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि सॅडल ठरवतात. सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबून धरा. सातव्या फ्रेटपाशी साधारण ०.२ मिमी फट दिसली तर रॉडला हात लावायचं कारणच नाही. फिरवायचाच असेल तर एका वेळी पाव फेरा, मग सूर लावून पुन्हा माप.

खरखर कुठे होते ते शोधल्याशिवाय फ्रेटवर कानस चालवू नका. फक्त मोकळी तार खरखरत असेल तर नटच्या खाचेत कागदाची बारीक पट्टी सरकवून बघा. आवाज थांबला तर खाच खोल गेली आहे, फ्रेट निर्दोष आहेत. पहिल्या चार-पाच फ्रेटांतच खरखर असेल तर मान मागे झुकली असण्याची शक्यता जास्त. एकाच जागी असेल तर पुढचा फ्रेट वर आला आहे का बघा. आणि ट्यूनरचे (सूर लावायच्या खुंट्यांचे) सैल स्क्रू तपासायला विसरू नका, कधी कधी चोर तिथेच सापडतो.

आता ब्रिज. स्टील तारांचा लाइट (पातळ तारांचा) संच सुमारे ७० किलोचा ताण देतो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद शिरला तर तारा त्याच क्षणी सैल करा. फटीत फेविक्विक सोडणं मात्र कटाक्षाने टाळा. ते ठिसूळ असतं, पॉलिश खराब करतं आणि पुढच्या कारागिराला ते खरवडताना लाकडाचे तंतूही निघतात. ब्रिज गरम पात्याने पूर्ण सोडवा, जुना गोंद काढा, दोन्ही बाजू कोऱ्या लाकडापर्यंत आणा. पॉलिशवर गोंद धरत नाही. मग सरस किंवा टाइटबॉन्ड (लाकडाचा गोंद) लावून २४ तास क्लॅम्प.

गिटार क्लासिकल असेल तर आधी तारा बघा. तिचं टॉप नायलॉनच्या सुमारे ४० किलो ताणासाठी बनवलेलं असतं. स्टीलच्या तारा चढवलेल्या असतील तर ब्रिज कितीही नीट चिकटवा, तो पुन्हा सुटणार. तारा बदलायला गिऱ्हाईक तयार असेल तरच काम हाती घ्या.